‘तो सांगेल तसा’ : दहशतवादाच्या तपासातील कबुलीजबाबाची संहिता

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा लोकव्यवहारात ‘मोक्का’ या आटोपशीर नावाने ओळखला जातो. त्याच्या अठराव्या कलमान्वये पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. या सवलतीवर काही अटी घातलेल्या असून त्यांपैकी एक भाषाविषयक आहे. जबाब मोकळ्या वातावरणात घेतला जावा, ज्या भाषेत त्या व्यक्तीची विचारपूस झाली त्याच भाषेत तो लिहिला जावा, आणि ती व्यक्ती सांगेल तसाच तो लिहिला जावा, असा तिचा आशय आहे. ही अट मूळची विधिमंडळाची नव्हे. ‘टाडा’ कायद्याच्या वैधतेचा निर्णय देताना कर्तारसिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९९४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने जी मार्गदर्शक सूत्रे सांगितली, त्यांतील एका सूत्राचा मजकूर येथे जवळजवळ तसाच उतरला आहे.

या अटीचा पहिला भाग, म्हणजे मोकळे वातावरण, हा विधिज्ञांच्या चर्चेचा नित्याचा विषय आहे. ‘तो सांगेल तसा’ या उरलेल्या भागाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वस्तुतः तो विधिज्ञांपेक्षा भाषेच्या अभ्यासकाचा प्रांत आहे. मराठी मुलखातील पोलीसठाण्यात जबाब लिहिण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यात कोणाही माणसाचे बोलणे तो सांगेल तसे उतरू शकते काय, हा प्रश्न विचारल्यावाचून दहशतवादाच्या तपासाचे मूल्यमापन अपुरे राहते.

मुंबईच्या खटल्यांकडे वळण्यापूर्वी ही पद्धत एखाद्या साध्या ठिकाणी पाहणे इष्ट होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा त्यासाठी सोयीचा आहे. येथे घरी वऱ्हाडी बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, आणि ठाण्याच्या कागदावर यांपैकी काहीच येत नाही. रिसोड वा मंगरूळपीर भागातील एखादा शेतकरी ‘मले काई मालूम नाई’ म्हणतो. कागदावर उतरते ते ‘सदरबाबत मला काहीएक माहिती नाही’ असे. ‘त्यानं मले सांगतलं’ याचे ‘त्याने मला कळविले’ होते. ‘मले’चा ‘मला’ झाल्याने अर्थाची हानी होत नाही हे खरे. परंतु बदल तेवढ्यावर थांबत नाही. जबाबाची एक स्वतंत्र धाटणी आहे. ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ अशी तिची सुरुवात असते. ‘वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ असा तिचा शेवट असतो. आणि मध्ये ‘सदर’, ‘नमूद’, ‘इसम’, ‘ताब्यात’ या शब्दांची रांग असते. ‘माझे सांगणेप्रमाणे’, ‘त्याचे घरी’ ही ‘-चे’कारान्त सामान्यरूपे बोलण्यात आता क्वचितच ऐकू येतात, पण ठाण्यात ती टिकून आहेत. पेशवाईतील तकरीर, करीना आणि महजर ज्याने वाचले आहेत त्याला या भाषेचे कुळ सांगावे लागत नाही. फारसी शब्दांचा भरणा, ठरीव आरंभ, ठरीव शेवट हे सारे तेथूनच आले आहे. एका दस्तऐवजात दोन भाषा नांदण्याची उदाहरणे याच भूमीत त्याहूनही फार जुनी आहेत. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे. तेथे निदान लोकांच्या भाषेला काही जागा मिळाली होती, एवढे जाता जाता म्हणता येईल.

या धाटणीतील तीन गोष्टी तपासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे ‘मिळून आला’ हे क्रियापद. ‘सदर इसमाचे ताब्यात एक पिस्तूल मिळून आले’ या वाक्यात पिस्तूल आहे, इसम आहे, परंतु ते कोणी शोधले, कोणत्या खिशातून काढले, कोणाच्या हातात दिले, याचा कर्ताच नाही. मराठीत ‘शोधणे’ या क्रियेला कर्ता लागतो. ‘मिळून येणे’ या क्रियेत शोधणारा अदृश्य होऊन वस्तू जणू आपण होऊन प्रकट होते. स्फोटकांच्या खटल्यात जप्त वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, तिला मोहोर केव्हा लागली, हाच कळीचा मुद्दा असतो. नेमका तोच मुद्दा ही रचना झाकून टाकते.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. अधिकाऱ्याने विचारलेले पन्नास प्रश्न ‘विचारल्यावरून’ या एका शब्दात विरून जातात आणि तुटक उत्तरांचे एकसंध निवेदन तयार होते. ‘तेव्हा तिथं तो होता का?’ या प्रश्नावर ‘हो’ एवढेच उत्तर देणारा माणूस कागदावर ‘त्यावेळी सदर इसम तेथे हजर होता’ असे संपूर्ण वाक्य बोलतो. शब्द प्रश्नकर्त्याचे, ‘मी’ मात्र उत्तर देणाऱ्याचा.

तिसरी गोष्ट सर्वांत बारीक आणि सर्वांत घातक. मराठीत ‘म्हणे’ हे एक छोटेसे अव्यय आहे. ‘तो गेला’ आणि ‘तो गेला म्हणे’ यांत साक्ष आणि ऐकीव वार्ता यांच्याइतके अंतर आहे. ग्रामीण बोलण्यात हे ‘म्हणे’ अत्यंत काटेकोरपणे येते. स्वतः न पाहिलेली गोष्ट सांगताना बोलणारा ते सहसा गाळीत नाही. जबाबाच्या भाषेला ‘म्हणे’ वर्ज्य आहे. ‘ते तिकडं काई शिकून आले म्हणे’ हे वाक्य ‘ते तेथे प्रशिक्षण घेऊन आले’ असे लिहिले की गावगप्पा आणि प्रत्यक्ष ज्ञान यांतील भेद पुसला जातो. पुराव्याच्या कायद्याने ऐकीव पुराव्याविरुद्ध जी तटबंदी उभारली आहे, ती बोलीत दोन अक्षरांच्या रूपाने आधीपासूनच होती, आणि लेखनिकाने ती कायदा लागू होण्याआधीच पाडलेली असते.

सामान्य चोरीच्या वा मारामारीच्या गुन्ह्यात या साऱ्याने अनर्थ होत नाही, कारण पोलिसांपुढील कबुलीला कायदा किंमतच देत नाही. हा अविश्वास जुना आहे. मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीचा १८५५ चा अहवाल, त्यानंतरची १८६१ ची फौजदारी प्रक्रिया संहिता, आणि १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे पंचविसावे कलम अशी त्याची परंपरा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या तेविसाव्या कलमात तीच तरतूद कायम आहे. परकी राज्यकर्त्यांनी आपल्याच पोलिसांविषयी बाळगलेला हा संशय स्वतंत्र भारतात दहशतवादाच्या निमित्ताने सैल झाला. १९८७ चा टाडा, २००२ चा पोटा आणि महाराष्ट्रापुरता मोक्का यांनी ते दार उघडले. टाडा आणि पोटा गेले; मोक्का राहिला. १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमात असे दार नाही, ही गोष्ट येथे ध्यानात ठेविली पाहिजे. म्हणजे कबुलीजबाबाच्या संहितेचा प्रश्न इतर बहुतेक राज्यांहून महाराष्ट्रात अधिक तीव्र आहे.

भाषाशास्त्राने या प्रकारच्या संहितांकडे पाहण्यास आरंभ केला तो इंग्लंडमधील एका खटल्यापासून. टिमथी एव्हान्स या जेमतेम साक्षर माणसास पत्नी व मुलगी यांच्या मृत्यूच्या प्रकरणात १९५० मध्ये फाशी झाली आणि १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. यान स्वार्टविक या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये त्याच्या जबाबांची वाक्यरचना तपासली व वादग्रस्त भागाचे व्याकरण उरलेल्या भागाहून निराळे असल्याचे दाखविले. पुढे १९७४ च्या बर्मिंगहॅम येथील बॉम्बस्फोटांच्या खटल्यातील एका आरोपीच्या जबाबाचा अभ्यास माल्कम कूल्टहार्ड यांनी केला. बोलणारा माणूस एकदा ‘पांढरी प्लास्टिकची पिशवी’ म्हणाला की पुढे नुसते ‘पिशवी’ म्हणतो. या जबाबात मात्र पूर्ण वर्णन पुन्हा पुन्हा येत होते. पूर्ण वर्णनाची निकड बोलणाऱ्याला नव्हे, कागद तयार करणाऱ्याला असते. त्या सहाही जणांची शिक्षा १९९१ मध्ये रद्द झाली. निर्णय केवळ भाषिक पुराव्यावर झाला नाही, हे खरे. पण अभ्यासाची दिशा त्यातून स्पष्ट झाली. मराठीत ‘सदर’ या शब्दाने हेच पूर्ण वर्णनाचे काम एका फटक्यात साधते, म्हणून आपल्या जबाबांत हा दोष डोळ्यांत भरत नाही इतकेच.

या पार्श्वभूमीवर ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकलगाड्यांतील स्फोटांचा खटला पाहण्यासारखा आहे. त्या संध्याकाळी पश्चिम मार्गावर सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली, आठशेच्या वर जखमी झाली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने तेरा जणांना पकडले. मोक्का न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांपैकी बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांस फाशी व सात जणांस जन्मठेप दिली. एक जण सुटला. २१ जुलै २०२५ रोजी न्या. अनिल किलोर व न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांपैकी एक तत्पूर्वी, २०२१ मध्येच, नागपूरच्या कारागृहात असताना वारला होता. २४ जुलैस सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असे सांगितले. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जावे लागले नाही.

ओळखपरेड घेणाऱ्याचा अधिकार, स्फोटकांची मोहोर, न सादर झालेल्या दूरध्वनीच्या नोंदी, छळाची शक्यता दर्शविणारे वैद्यकीय कागद असे अनेक मुद्दे त्या निकालात आहेत. प्रस्तुत विषयाशी निगडित मुद्दा एकच : न्यायालयाने कबुलीजबाबांतील मजकूर शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिला, आणि काही भाग तंतोतंत सारखे आढळल्याने त्यांवर विश्वास ठेवण्यास नकार दिला. ही पाठचिकित्सा होय. भांडारकर संस्थेत सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या पोथ्या ज्या रीतीने शेजारी शेजारी ठेविल्या, तीच ही रीत आहे. फरक एवढाच की येथे पाठांवर माणसांचे प्राण अवलंबून होते.

तथापि पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने येथे सावध राहिले पाहिजे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या १९४१ च्या ग्रंथापासून आपल्या विद्यापीठांत जे शास्त्र शिकविले जाते, त्याचे एक मूलतत्त्व असे की समान शुद्ध पाठावरून पोथ्यांचे नाते सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते समान चुकीवरून. दोन माणसांनी खरोखरच एक कृत्य मिळून केले असेल, तर त्यांच्या जबाबांतील तपशील जुळणारच. ठाण्याची धाटणी एक असल्यामुळे त्यांचे आरंभ, शेवट आणि जोडवाक्येही जुळणारच. वाशीमच्या कोणत्याही दोन पंचनाम्यांत असे साम्य सापडेल, आणि त्यावरून ते खोटे ठरत नाहीत. म्हणून साम्याचे तीन थर वेगळे केले पाहिजेत : घटनेमुळे आलेले, धाटणीमुळे आलेले, आणि यांपैकी कशानेही न उलगडणारे. एकाच ठिकाणी सारखीच अनावश्यक माहिती, सारखाच विषयांतराचा क्रम, सारखीच व्याकरणाची घसरगुंडी, सारख्याच जागी सारखे मौन, हे तिसऱ्या थरात येते आणि एका लेखणीची साक्ष देते. उच्च न्यायालयाचा निष्कर्ष योग्य वाटतो. मात्र केवळ ‘सारखे आहे म्हणून अविश्वसनीय’ हे सूत्र खालच्या न्यायालयांनी सरसकट उचलले, तर उद्या एखादा खरा जबाबही फुकट जाईल. हे थर वेगळे करण्याचे काम न्यायाधीशाचे नाही. ते प्रशिक्षित भाषाभ्यासकाचे आहे, आणि या खटल्यात तो कोठेच दिसत नाही.

कबुलीजबाबांच्या संहितांनी याहून विचित्र प्रसंगही ओढवून आणला आहे. त्याच लोकल स्फोटांच्या बाबतीत २००८ मध्ये मुंबईच्या गुन्हे शाखेने पकडलेल्या एका आरोपीच्या जबाबातून अगदी निराळ्या माणसांची, निराळ्या संघटनेची हकीकत निघाली. एकच घटना, दोन पोलीसपथके आणि परस्परांना छेद देणाऱ्या दोन कबुल्या! मालेगावच्या बाबतीत तर हे उघड उघड घडले. (वाशीम जिल्ह्यातही मालेगाव नावाचा तालुका आहे, येथील विद्यार्थ्यांस सांगावे लागते की हे नाशिक जिल्ह्यातले.) ८ सप्टेंबर २००६ च्या तेथील स्फोटांसाठी दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम आरोपी उभे केले, आणि मोक्काखालचे कबुलीजबाब त्या प्रकरणाचा मोठा आधार होते. २०१० च्या डिसेंबरात स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत दंडाधिकाऱ्यापुढे दिलेल्या व पुढे मागे घेतलेल्या जबाबानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेने संपूर्ण निराळा आरोपीवर्ग पुढे आणला, आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने पहिल्या गटास दोषमुक्त केले. त्याच गावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात मोक्का लागू होत नसल्याने त्याखालील जबाब पुराव्यातून गळाले, तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी सुटले. आरोपींचा धर्म बदलला, सत्तेतील पक्ष बदलले, तपासयंत्रणाही बदलल्या. कबुलीवर इमारत उभारण्याची रीत मात्र बदलली नाही.

कबुलीवाचून कट सिद्ध होत नाही, असा पोलिसांचा युक्तिवाद असतो, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. कटाला साक्षीदार नसतात. बंद खोलीत काय ठरले हे आतल्याखेरीज कोण सांगणार? पण २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटला या युक्तिवादाची मर्यादा दाखवितो. तेथेही अजमल कसाबचा कबुलीजबाब होता; फेब्रुवारी २००९ मध्ये तो पोलीस अधिकाऱ्यापुढे नव्हे, तर दंडाधिकाऱ्यांपुढे, त्याला विचारास वेळ देऊन नोंदविला गेला. परंतु २९ ऑगस्ट २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत तो खटला टिकला तो छायाचित्रे, कॅमेऱ्यांची दृश्ये, प्रत्यक्षदर्शी आणि हल्ला चालू असतानाच ऐकून टिपलेले दूरध्वनी-संभाषण यांच्या पायावर. हे संभाषण म्हणजे कोणी कोणास विचारून वदवून घेतलेली भाषा नव्हे. त्यात एक उद्‌बोधक तपशील आहे. सूचना देणाऱ्यांपैकी एकाच्या तोंडी ‘प्रशासन’ हा शब्द आला. पाकिस्तानी उर्दूत हा शब्द वापरात नाही. मराठी-हिंदी मुलखात मात्र तो वर्तमानपत्रातला रोजचा शब्द आहे. बोलणारा भारतीय असावा असा तपासयंत्रणांचा संशय या शब्दाने बळावल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे २०१२ मध्ये भारतात आणलेल्या बीड जिल्ह्यातील झबीउद्दीन अन्सारी याच्यावर तो आवाज त्याचा असल्याचा आरोप आला. आरोपाचा निर्णय न्यायालयाचा. पण ‘तो सांगेल तसा’ शब्द टिकून राहिला म्हणूनच तो काही सांगू शकला, हे निर्विवाद आहे. हेच संभाषण ठाण्याच्या धाटणीत ‘सदर इसमाने पुढीलप्रमाणे सूचना दिल्या’ असे उतरले असते, तर ‘प्रशासन’ असो वा दुसरा कोणताही शब्द, काहीच बोलले नसते.

जुन्या काळातील एक उदाहरण येथे ताडून पाहता येईल. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडणाऱ्या दामोदर हरी चापेकरांनी तुरुंगात आपले चरित्र स्वहस्ते मराठीत लिहिले. सरकारच्या लेखी ते दहशतीचे कृत्य होते, लोकांच्या लेखी निराळे; तो वाद येथे अप्रस्तुत आहे. त्या लेखनात बालपण आहे, तालीम आहे, राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत आहे. तपासाला ज्याचा उपयोग नाही असे पुष्कळ आहे. ज्या संहितेत असे निरुपयोगी काहीच नसते, जिचे प्रत्येक वाक्य एखाद्या कलमाकडे बोट दाखविते, ती बोलणाऱ्याची संहिता असण्याचा संभव कमी.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करण्याची तरतूद केली आहे, आणि मोक्काच्या अठराव्या कलमात ध्वनिफितीची सोय १९९९ पासूनच आहे. असे असूनही २००६ च्या खटल्यात न्यायालयाला ताडून पाहावे लागले ते कागदच. यंत्र आले म्हणजे ‘मिळून आला’चा कर्ता दिसू लागेल, ‘म्हणे’ ऐकू येईल, हा लाभ लहान नाही. कॅमेरा सुरू होण्यापूर्वी खोलीत काय घडले, हे मात्र त्याने कळणार नाही. शिवाय ध्वनिमुद्रण न्यायालयात वाचले जाते ते लिप्यंतराच्या रूपाने, आणि लिप्यंतर कोणीतरी करणारच. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या परिसरातील एखाद्या गोरमाटीभाषक संशयिताचे मुद्रण उद्या प्रमाण मराठीत उतरविण्याची वेळ आली, तर ते काम ज्या शिपायास ती बोली येते त्याच्याकडे जाईल, आणि तो शिपाई तपासपथकाचाच माणूस असेल. गोरमाटी व वऱ्हाडी यांच्या बोलण्यातील ऐकीवपणाची, संशयाची आणि नकाराची चिन्हे कोणती, त्यांचे प्रमाण मराठीत काय होते, याची पद्धतशीर नोंद असल्यावाचून असे लिप्यंतर तपासून पाहता येत नाही. ती नोंद या जिल्ह्याच्या शेजारच्या विद्यापीठांतील मराठीचे विभाग करू शकतात. ती होईपर्यंत निदान लिप्यंतरकाराचे नाव, त्याची भाषा आणि तपासपथकाशी असलेले त्याचे नाते कागदाच्या शिरोभागी लिहिण्याचा आग्रह बचावपक्षाने धरावयास हरकत नाही.